पंधरा मीटरच्या आत: साध्या धनुष्याची शिकार आणि माझी एक चूक

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "दादा, तू मिशिगनमध्ये खरंच शिकार करतोस? आणि बंदूक सोडून धनुष्य कशाला?"

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. तेव्हा हे वाचून कुणी गावाकडच्या रानात धनुष्य घेऊन जाऊ नका, थेट तुरुंगात जाल. मी राहतो तिथे हरणाच्या शिकारीचा परवाना मिळतो आणि धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो. परवाना घेण्याआधी मी सुरक्षेचा कोर्स केला. शिकार करावी की करू नये, यावर तुमचं मत वेगळं असू शकतं. आज मी एवढंच सांगणार आहे की ती करणारी चांगली माणसं स्वतःवर कोणते नियम घालून घेतात, आणि मी त्यातला एक मोडला तेव्हा काय झालं.

साधं धनुष्य म्हणजे नेमकं काय?

आपल्या साताऱ्याच्या आदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३मध्ये बर्लिनला जागतिक सुवर्णपदकं जिंकली, आठवतंय? त्यांच्या हातात कंपाउंड धनुष्य होतं. त्याला टोकांशी चाकं असतात. दोरी पूर्ण ओढली की या चाकांमुळे बोटांवरचं वजन एकदम कमी होतं, त्यामुळे शांतपणे नेम धरता येतो. अमेरिकेत धनुष्याने शिकार करणारे बरेच जण तेच वापरतात.

आमच्या गटात मात्र लाँगबो किंवा रिकर्व्ह चालतं. लाकडाच्या भुजा, एक दोरी, बस. चाकं नाहीत, भिंग नाही. माझं रिकर्व्ह ४५ पौंडांचं आहे, म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर वीस किलोचं वजन तीन बोटांवर येतं आणि ते शेवटपर्यंत तसंच राहतं. दोन-तीन सेकंदांत हात थरथरायला लागतो. बाण देवदारासारख्या हलक्या लाकडाचे, मागे टर्कीची पिसं आणि पुढे पोलादी पातं.

या पात्याची धार ही चैनीची बाब नाही. बंदुकीच्या गोळीचा धक्का मोठा असतो. बाण तसा मारत नाही, तो कापतो. पातं वस्तऱ्यासारखं असेल आणि फुप्फुसातून गेलं, तर हरण काही सेकंदांत कोसळतं. पातं बोथट असेल तर त्या जनावराचे हाल होतात. म्हणून आमच्यात कोणी धार न लावता आला तर त्याला रानात घेत नाहीत.

थोडं गणित

साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ५५ मीटर जातो. कंपाउंडचा साधारण ९० मीटर जातो. आवाज जातो ३४० मीटर. आता समजा हरण १५ मीटरवर आहे. बाणाला तिथे पोचायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. ३० मीटरवर असेल तर अर्ध्या सेकंदाहून जास्त. दोरीचा 'टप्प' आवाज त्याच्या कितीतरी आधी हरणाच्या कानात शिरलेला असतो. दचकलेलं हरण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसल्यासारखं करतं. तुम्ही नेम धरला होता फुप्फुसावर, बाण पोचेपर्यंत तिथे फुप्फुस उरतच नाही.

म्हणजे लांबून मारणं ही नुसती नेमबाजीची गोष्ट नाही. तुमचा नेम अचूक असला तरी हरण हलणार. म्हणून प्रत्येक जण हंगामाआधी आपलं अंतर ठरवतो आणि बाकीच्यांसमोर बोलून दाखवतो. माझं होतं १५ मीटर. शिवाय हरण आडवं उभं हवं, शांत हवं, मध्ये फांदी नको. यातलं एकही नसेल तर दोरी सैल सोडायची आणि मचाणावर गप्प बसायचं.

हे आलं कुठून?

या परंपरेत दोन माणसांची मैत्री नेहमी सांगितली जाते. ऑगस्ट १९११मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिलजवळ याही लोकांपैकी उरलेला शेवटचा माणूस एकटा आणि उपाशी सापडला. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत त्याचे लोक संपले होते. त्याने आपलं खरं नाव कुणाला सांगितलं नाही. 'इशी' म्हणजे त्याच्या भाषेत नुसतं 'माणूस'. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात तो राहू लागला आणि शेजारच्या वैद्यकीय कॉलेजातले सर्जन सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य शिकले. शिकारीच्या आदल्या दिवशी इशी तंबाखू ओढत नसे, मासे खात नसे, कारण वास लांबवर जातो. पहाटे ओढ्यात अंघोळ करून तो उपाशीपोटी निघे. पोप यांनी १९२३मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेत धनुष्याची शिकार पुन्हा रुजली.

पण गोष्ट इथेच गोड करून संपवू नये. इशी १९१६मध्ये क्षयाने गेला. त्यानंतर त्याचा मेंदू काढून संग्रहालयासाठी ठेवला गेला. तो त्याच्या नात्यातल्या जमातींना परत मिळायला २००० साल उजाडलं. ज्याच्याकडून आपण नियम शिकलो, त्याच्याच बाबतीत काय केलं गेलं, हेही आमच्या शेकोटीभोवती नव्या माणसाला सांगतात.

माझी चूक

मला हे सगळं शिकवलं माझ्या शेजारच्या आजोबांनी. वय ७१. मी त्यांना मनातल्या मनात आबा म्हणतो. माझा दुसरा हंगाम होता, ऑक्टोबर संपत आलेला, एकही बाण सोडला नव्हता. संध्याकाळी एक मादी आली आणि थांबली. अंतर २५ मीटर. मला ते पक्कं ठाऊक होतं, कारण त्या ओंडक्यापर्यंतचं अंतर मी स्वतः मोजलं होतं. तरी मी बाण सोडला.

ती खाली दबली, वळली आणि बाण पोटात लागला.

आबा आले, बाण उचलला, त्यावरची हिरवट घाण बघितली, वास घेतला. फुप्फुसाला लागला तर रक्त गुलाबी आणि फेसाळ असतं. हे पोट होतं. अशा वेळी लगेच मागे धावायचं नसतं. धावलात तर ती मैलभर पळते. सोडून दिलं तर जवळच कुठेतरी बसते. तासन् तास थांबावं लागतं. रात्रभर मला झोप आली नाही. कुठेतरी ती बसलेली होती आणि ते माझ्यामुळे होतं.

पहाटे आबांसोबत गटातले आणखी दोघे आले. एकाला कामावर जायचं होतं, त्याने सुट्टी टाकली. रक्ताचा शेवटचा थेंब दिसेल तिथे टिश्यू पेपरचा तुकडा ठेवायचा, एकाने तिथेच उभं राहायचं, बाकीच्यांनी पुढचा थेंब शोधायचा. गुडघ्यांवर बसून चार तास. कुणी मला एक शब्द बोललं नाही. शेवटी ती सापडली. कोल्ह्यासारख्या कायोटींनी अर्धी खाल्ली होती.

मी म्हणालो, "आता काय करायचं?"

आबा म्हणाले, "तुझा टॅग लाव."

टॅग म्हणजे परवान्यासोबतची चिठ्ठी, एका हरणाला एक. माझ्याकडे एकच होती. ती लावली की माझा हंगाम संपला. मांस तर हाती लागलंच नव्हतं. मी क्षणभर घुटमळलो. ते म्हणाले, "मारलीस ना तू? मग ती तुझीच."

मी टॅग लावला.

डिसेंबरमध्ये आबांना हरण मिळालं तेव्हा त्यांनी अर्धं मांस आमच्या दारात आणून ठेवलं. त्या दिवसाचा विषय त्यांनी तेव्हाही काढला नाही, आजही काढत नाहीत.

लोक मला विचारतात, एकट्याने रानात बसायचं असतं, मग सोबती कशाला लागतात? बाण सोडताना तुम्ही एकटेच असता. अंतर ठरवताना ते ऐकणारं कुणीतरी लागतं, आणि चुकल्यावर तुमच्या शेजारी गुडघे टेकणारं कुणीतरी. त्या माणसांना तोंड दाखवायचंय, हे आठवलं की दोरी आपोआप सैल सोडली जाते. गेल्या हंगामात माझ्यासमोर सहा हरणं आली. पंधरा मीटरच्या आत एकही आलं नाही. मी एकही बाण सोडला नाही.

आज एवढंच. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!