पोटाचं ऑपरेशन, दुखतो खांदा

१२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतल्या एरिश म्यूहं या सर्जनने जगात प्रथमच दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. समव्यवसायींनी चक्क खिल्ली उडवली. १९९२ मध्ये जर्मन सर्जनांच्या संघटनेनेच त्याचा गौरव केला.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडियांनी १९९० मध्येच हे तंत्र आणलं होतं.

बेंबीजवळ सेंटिमीटरभर छेद घेऊन आत कार्बन डायऑक्साइड सोडतात. पोट तंबूसारखं फुगतं, हत्यारं फिरवायला जागा होते. हाच वायू का? आत विजेने डागणं चालू असतं, आणि हा पेटत नाही. शिवाय रक्तात चटकन विरघळतो, श्वासावाटे बाहेर पडतो. उरलासुरला मात्र श्वासपटलाला डिवचतो. त्या पडद्याची आणि खांद्याची नस मानेत एकाच ठिकाणाहून निघते. म्हणून रुग्ण दुसऱ्या दिवशी खांदा चोळत बसतो.