वादी, पण कोर्टातला नव्हे!

संगीताच्या परीक्षेला बसलेल्या मुली व्याख्या घडाघड म्हणतात. पण ‘वादी म्हणजे काय ते गाऊन दाखव’ म्हटले की गप्प! दोष त्यांचा नाही. ‘वादी’ म्हटले की आपल्याला कोर्टच आठवते. संगीतातला वादी फिर्याद करीत नाही; तो रागाचा राजा. संवादी त्याचा प्रधान. विवादी मात्र रागाचा शत्रू. कुशल गवयानेच क्वचित त्याला हळूच आत घ्यावे.

भूप आणि देसकार घ्या. दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. भूपात गंधार वादी, धैवत संवादी; देसकारात नेमके उलट. तेवढ्याने भूप रात्री खालच्या सुरांत संथ रमतो आणि देसकार सकाळी तार षड्जाकडे झेपावतो. घर तेच, कर्ता बदलला की रीत बदलते ना, तसे!

पंडित भातखंडे यांनी १९१० पासून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’त हे शास्त्र मराठीतून, गुरुशिष्यांच्या संवादातून उलगडले. ते वकिलीही शिकलेले. (शब्द मात्र भरताच्या नाट्यशास्त्राइतका जुना, वकिलांनी श्रेय घेऊ नये!)

मुलांकडून व्याख्या घोकून घेण्याआधी पेटीवर हे पाच स्वर वाजवा. एकदा गंधारावर थांबा, एकदा धैवतावर.