पडवी बंद करण्याआधी

गावचं घर दुरुस्तीला काढलं की कोकणात हल्ली दोन गोष्टी हमखास होतात. पडवीला सरकत्या काचा बसतात आणि कौलं उतरवून स्लॅब पडतो. दोन्हींमागे गैरसमज आहेत.

पडवी ही बसण्याउठण्याची जास्तीची जागा, हा त्यातला सर्वांत मोठा. मुळात ती भिंतीचं संरक्षण करते. इथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही वाऱ्याबरोबर तिरपा. पडवीचं उतरतं छप्पर त्याला मातीच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीपर्यंत पोचू देत नाही. वैशाखात तेच छप्पर भिंतीवरचं ऊन अडवतं, मग ओटी आणि माजघर तापणार कसं? शिवाय दमट हवेत जिवाला बरं वाटतं ते अंगावरचा घाम वाळला की, आणि त्यासाठी वारा खेळता हवा. काचा लावल्या की वारा थांबतो, उन्हाची धग मात्र आत कोंडून राहते. मग एसी येतो.

स्लॅबने घर थंड राहतं असंही ऐकू येतं. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री खोलीत सोडतो. कौल पातळ असतं, ऊन उतरलं की लवकर निवतं. फटींतून गरम हवाही निघून जाते.

लाकडाला वाळवी लागणारच, ही भीतीही अर्धीच खरी. वाळवीला ओल लागते आणि मातीतून वर यायला वाट लागते. म्हणून तर जुन्या सुतारांनी खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यांवर उभे केले. सागाच्या, फणसाच्या पक्क्या गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही. बाहेरचं फिकट लाकूड सोडत नाही. घर कुजतं ते बहुधा फुटलेलं कौल वेळेवर न बदलल्यामुळे.

आणि पारंपरिक म्हणजे कधीच न बदललेलं, असंही नाही. मंगलोरी कौलं बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढल्यानंतरची. त्याआधी छपरावर नळे किंवा गवत असे.

उणिवा आहेतच. माजघर अंधारं असतं. काचेची दोन-चार कौलं बसवली की उजेड येतो. पावसाआधी दरवर्षी छपरावर चढावंच लागतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कित्येक घरांची कौलं उडाली, म्हणून ती रिपांना तारेने बांधून घ्यावीत.

दुरुस्ती काढणार असाल, तर ठेकेदाराआधी जाणत्या सुताराला छप्पर दाखवा. कुजलेला वासा एकटा बदलता येतो. पडवी मात्र उघडीच ठेवा.