शेपटाचें चाक

सेलूस विमानतळ नाहीं. मनमाड-परभणी लोहमार्गावरील हें कापसाच्या व्यापाराचें गांव. येथें विमान दिसावयाचें तें आभाळांत, आणि तेंही पांढरी रेघ मागें ठेवून निघून जाणारें. तथापि विमानाच्या दुरुस्तीचा एक धडा सेलूच्या माणसास इतरांहून लवकर उमगेल असें मला वाटतें. सरकी काढणाऱ्या जिनिंगांत, पिठाच्या गिरणींत, बैलगाडीच्या कण्यापाशीं त्यानें एक गोष्ट लहानपणापासून पाहिलेली असते. फिरणारा दांडा आणि त्यास धरणारा बुश यांमध्यें केसभर पोकळी पडली कीं सारें यंत्र खडखडूं लागतें. लेथवर नवा बुश कांतून घ्यावा, वंगण घालावें, आणि संध्याकाळीं काम पुन्हां सुरू करावें, हा येथील शिरस्ता. तोच बुश एखाद्या लहान विमानाच्या शेपटाखालीं झिजला तर?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस, जुहूच्या मैदानावर, टपाल आणलें, तें पस मॉथ जातीच्या विमानांतून. त्या पिढीच्या विमानांना पुढें दोन चाकें आणि मागें शेपटाखालीं बहुधा एक घसरता पाय असे. मऊ जमिनींत तो रुते व ब्रेकचें काम आपोआप होई. पुढें कठीण धांवपट्ट्या आल्या, घसरता पाय निरुपयोगी ठरला, आणि त्याच्या जागीं वीतभर व्यासाचें चाक आलें. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टनें बनविलेलें व २८ सप्टेंबर १९५८ रोजीं प्रथम उडालेलें ‘पुष्पक’ हें याच कुळांतील. दोन आसनें, नव्वद अश्वशक्तीचें एंजिन, आणि मागें हें छोटें चाक. असलीं दीडशेंच्या आसपास विमानें तयार झालीं, तीं बहुतेक फ्लाइंग क्लबांकडे गेलीं, आणि देशांतील कित्येक वैमानिकांनीं उड्डाणाचीं मुळाक्षरें त्यांतच गिरविलीं.

अशा विमानाचा स्वभाव जमिनीवर मोठा हट्टी. त्याचें बरेंचसें वजन पुढच्या दोन चाकांच्या मागें असतें; म्हणून धांवतांना तें किंचित् वळलें कीं मागचा भार पुढें येऊं पाहतो आणि वळण वाढतच जातें. मुलें बोटावर काठी उभी तोलण्याचा खेळ खेळतात. काठी कलली न कलली तोंच बोट सरकवावें लागतें. उशीर झाला कीं खेळ संपला. वैमानिकाचें बोट म्हणजे त्याचे दोन पाय. पायाखालच्या पेडलांनीं सुकाणू वळतें, आणि सुकाणूच्या तळाच्या आडव्या पट्टीपासून दोन स्प्रिंगा व साखळ्या शेपटाच्या चाकाच्या बाहूस जोडलेल्या असतात. हें चाक एका उभ्या खुंटीभोंवतीं फिरतें. पुष्कळशा बनावटींत आंत एक लहान खटका खांचेंत बसलेला असतो. तो चाकास सुकाणूबरोबर वळवितो, आणि फारच तीव्र वळण घ्यावयाचें झालें तर सुटून चाकास मोकळें सोडतो.

झीज येथें चोरपावलांनीं येते. बुशाचें भोंक अंडाकृति होतें. खांचेच्या कडा गुळगुळीत होऊन खटका भलत्या वेळीं सुटूं लागतो. स्प्रिंगेचा आंकडा साखळीच्या कडीवर घासून बारीक होतो. शेपटाचें ओझें पेलणारे कमानीचे पाटे वर्षानुवर्षांच्या आदळआपटीनें सपाट होतात, आणि मग खुंटीचा माथा पुढें झुकतो. एकेक दोष पाहावा तर क्षुल्लक. परंतु ते एकत्र आले म्हणजे पाय दाबल्यावर चाक उशिरा उत्तर देतें, आणि एका विशिष्ट वेगाला तें थरथरा कांपूं लागतें. त्यांतूनच विमान भुईवर गरकन् फिरतें, पंखाचें टोक घासतें, कधीं पुढच्या चाकाचा पाय मोडतो. वैमानिक यास ग्राउंड लूप म्हणतात. आकाशांतून सुखरूप उतरलेलें विमान मोटारीच्या वेगानें जातांना मोडावें, याहून लाजिरवाणें दुसरें काय?

तपासणीस फार अवजारें लागत नाहींत. शेपूट तिवईवर उचलून चाक मोकळें करावें, हातांनीं आडवें व वरखालीं हलवून पाहावें, बाजूनें वांकून खुंटीचा कल न्याहाळावा. जुनें ग्रीस आधीं पुसून काढावें. कारण वाळू मिसळलेलें ग्रीस वंगण राहत नाहीं, तें कानशीच होतें. पुष्कळजण प्रथम स्प्रिंगा बदलतात, कां तर त्या डोळ्यांना दिसतात. माझ्या मतें हा क्रम उलटा आहे. दोष खुंटींत असतां स्प्रिंगा ताणल्या तर थरथर कांहीं दिवस दबते आणि आंतील झीज मात्र दुप्पट होते. खुंटी व बुश हीं जोडीनेंच बदलावींत. झिजल्या खुंटीवरील नवा बुश फार दिवस टिकत नाहीं.

आतां सेलूच्या लेथकडे येऊं. तेथील कारागीर असा बुश कांतून देईल काय? खुशाल देईल, आणि तो मूळ बुशाशीं ताडून पाहिला तर दृष्टीस फरक दिसणारही नाहीं. पण धातु कोणती, ती कोठून आली, तिला पाणी कसें दिलें, हें कागदावर कोणी लिहून देणार नाहीं. आणि विमानास भाग बसतो तो त्या कागदासह. परवानाधारक अभियंता दुरुस्तीनंतर विमानाच्या वहींत सही करतो, म्हणजे अनोळखी शिकाऊच्या जिवासाठीं स्वतःचें नांव गहाण ठेवतो. पुष्पकचें उत्पादन थांबून कित्येक दशकें लोटलीं. सुटे भाग दुर्मिळ. मान्यताप्राप्त कारखान्यानें मूळ आराखड्याबरहुकूम भाग घडवावा व तो मंजूर करून घ्यावा, हा मार्ग आहे. पण तो खर्चाचा आणि रेंगाळणारा, आणि तोंवर चांगलें विमान हँगरमध्यें धूळ खात उभें. ज्या हुशारीवर आपलीं जिनिंगें हंगामभर चालतात तिला येथें ‘नको’ म्हणावें लागतें, याचें मलाही वाईट वाटतें. तरी मी थांबणाऱ्यांच्याच बाजूचा आहें.

भाग बसल्यावर नट आंवळून कॉटर पिना मुडपतात आणि विमान प्रथम माणसाच्या चालीनें मैदानावर फिरवितात, डावीकडे एकदां, उजवीकडे एकदां. मग एंजिन बंद करून पुन्हां खालीं वांकून प्रत्येक पीन बोटानें चांचपतात. नंतर थोडा वेग, पुन्हां तपासणी. वही उघडली जाते ती त्यानंतर.