रक्त थांबते तेव्हा मेंदूचे काय?

महाधमनीची कमान बदलायची तर मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या जिथून फुटतात, तोच भाग कापावा लागतो. नेहमीच्या तापमानाला मेंदू रक्ताविना जेमतेम चार-पाच मिनिटे तग धरतो.

वाट काढली ती थंडीने. शरीर गार झाले की मेंदूची प्राणवायूची गरज उतरते. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉ. रँडल ग्रीप आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना खूप गार करून, रक्ताभिसरण पूर्ण थांबवून कमान बदलल्याचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि ही शस्त्रक्रिया आवाक्यात आली. हार्ट-लंग मशीनमधून रक्तच गार करत नेतात; शिवाय डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या. १८ अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण अर्धा तास मिळतो. त्यापुढे पक्षाघाताचा धोका वाढत जातो.

म्हणून आता अनेक ठिकाणी मेंदूचा पुरवठा पूर्ण तोडतच नाहीत. उजव्या काखेतल्या धमनीतून गार रक्त मेंदूकडे सोडतात, दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण १० मिलिलिटर. डाव्या बाजूची गरज मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्यातून भागते. पण हे कडे सगळ्यांचेच पुरते जुळलेले नसते. कपाळावर दोन्ही बाजूंना चिकटवलेले, मेंदूतला प्राणवायू मोजणारे सेन्सर म्हणूनच मोलाचे. डावा आकडा घसरू लागला, की डाव्या कॅरॉटिड धमनीतही नळी घालतात.

मला सर्वांत नाजूक वाटतो तो परतीचा टप्पा. रक्त घाईने तापवले तर मेंदूला इजा होऊ शकते. त्यामुळे टाके पूर्ण झाले तरी हार्ट-लंग मशीन चालवणारा परफ्युजनिस्ट तापमान सावकाशच चढवतो आणि ३७ अंशांच्या वर जाऊ देत नाही.