पट्टा ओरडतो, दुखणं टेन्शनरचं

पावसाळ्यातल्या सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी जुनी गाडी सुरू होते आणि बॉनेटखालून चिरकी किंचाळी उठते. दोन-चार सेकंदांत आवाज विरतो आणि ‘ओल धरली असेल’ म्हणून मालक विषय सोडून देतो. ओल हे निमित्त असतं. इंजिन सुरू करताना बॅटरीची जी वीज खर्च होते, ती भरून काढायला अल्टरनेटर लगेच जोरात कामाला लागतो. त्याची पुली जड होते आणि पुरेसा ताण नसलेला रबरी पट्टा तिच्यावरून घसरतो. किंचाळतो तो हा पट्टा.

त्याचं नाव सर्पेंटाइन बेल्ट. मेकॅनिकच्या तोंडी मात्र तो आजही ‘फॅन बेल्ट’च. क्रँकशाफ्टच्या पुलीवरून निघून तो सगळ्या पुल्यांना वळसे घालत फिरतो आणि अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, अनेक गाड्यांत पाण्याचा पंप आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक असेल तर त्याचाही पंप चालवतो. तो तुटला की डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो, एसी गार हवा द्यायचा थांबतो आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग एकदम जड होतं. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर तापमानाचा काटाही चढू लागतो. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत जाईल’ या हिशेबात हेड गॅस्केट जातं आणि काही हजारांचं काम कैक पटींनी महागतं.

एक पट्टा, एक स्प्रिंग

अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये जॉन गेट्स यांनी १९१७मध्ये व्ही-बेल्ट आणला आणि पुढची कित्येक दशकं मोटारी त्याच्यावर चालल्या. प्रत्येक यंत्राला वेगळा पट्टा असे. तो सैल पडला की टॉमी टेकवून अल्टरनेटर ओढून धरायचा आणि बोल्ट आवळायचा. ताण किती, हे अंगठ्याने दाबून ठरायचं. सगळी यंत्रं एकाच लांब पट्ट्यावर घेण्याची रचना १९७९च्या फोर्ड मस्टँगने मोठ्या उत्पादनात आणली. दोन गोष्टींमुळे ती जमली. एक म्हणजे पातळ, आतून लांबीच्या दिशेने कंगोरे असलेला पट्टा. तो दोन्ही बाजूंना वाकतो, त्यामुळे पोटाने आणि पाठीनेही पुल्यांना धरू शकतो. दुसरी म्हणजे स्प्रिंगचा टेन्शनर. पट्टा झिजो, तापून लांब होवो किंवा एसी लागल्यावर त्याच्यावर अचानक भार येवो, टेन्शनरचा हात आपोआप पुढे सरकून ताण राखतो.

या हाताच्या वाट्याला विश्रांती नसते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात आणि दर स्फोटाला पट्ट्याला हिसका बसतो. दोन हजार आरपीएमवर तासभर गाडी चालली तर हे हिसके दोन लाख चाळीस हजार होतात. ते पचवायला टेन्शनरच्या पोटात घर्षणाचा डॅम्पर असतो, स्प्रिंग असते आणि पुलीत बेअरिंग. तिन्ही झिजणाऱ्याच वस्तू. त्या थकल्या की ताण उतरतो आणि पट्टा घसरू लागतो. मग गॅरेजमध्ये नवा पट्टा पडतो, काही महिने शांतता राहते आणि आवाज परत येतो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसला हा प्रकार. पट्टा लाखभर किलोमीटर चालून बदलायला आला असेल, तर टेन्शनरही तेवढाच चाललेला असतो. म्हणून दोन्ही एकदमच बदलावेत.

जुना पट्टा वाचावा

पूर्वीचे पट्टे निओप्रीनचे असत. वय झालं की त्यांना आडव्या भेगा पडत आणि भेगा पाहून निर्णय घेता येई. गेल्या पंचवीसेक वर्षांत त्यांची जागा ईपीडीएम रबराने घेतली. हे रबर सहसा भेगाळत नाही, ते चपलेच्या तळव्यासारखं हळूहळू झिजतं. कंगोऱ्यांमधल्या टोकदार खाचा रुंद आणि गोलसर होत जातात, पट्टा पुलीच्या तळाला टेकतो आणि त्याची पकड सुटते. वरून मात्र तो धडधाकट दिसतो. ‘बेल्ट चांगला आहे, भेग नाही’ हे वाक्य म्हणूनच आता पुरेसं नाही. झीज मोजायचं छोटं प्लास्टिकचं गेज मिळतं, ते खाचेत बसवून पाहावं.

पट्ट्याच्या अंगावर बाकीचीही हकिकत असते. कंगोरे काचेसारखे चकचकीत झाले असतील तर तो घसरत होता. एकच कड उसवली असेल तर एखादी पुली रेषेत नाही. रबर फुगून मऊ पडलं असेल तर कुठून तरी तेल किंवा कूलंट गळतंय. ती गळती आधी थांबवली नाही, तर नवा पट्टाही त्याच वाटेने जाणार.

आवाजाचीही परीक्षा घेता येते. इंजिन चालू असताना, हात आणि कपडे लांब ठेवून, पट्ट्याच्या कंगोऱ्यांवर बाटलीतून थोडं पाणी फवारावं. तालात येणारी चिवचिव पाण्याने थांबून थोड्या वेळाने परतली, तर पुल्यांची रेषा चुकली आहे. लांब किंचाळी पाण्याने वाढली, तर ताण कमी आहे. आवाज दाबायला पट्ट्यावर स्प्रे, साबण किंवा ग्रीस मात्र लावू नये. आवाज जातो, दोष राहतो आणि पकड आणखी कमी होते.

पाना हातात घेताना

या कामात तेल काढावं लागत नाही आणि बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या पोटात शिरावं लागत नाही. सुटीच्या दिवशी पार्किंगमध्ये ते होऊ शकतं. काही गाड्यांत पट्टा वरून हाती लागतो, काहींत पुढचं उजवं चाक आणि त्यामागचं प्लास्टिकचं आवरण काढावं लागतं. तसं असेल तर गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी. इंजिन थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह तारही काढावी, कारण विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

आता पट्ट्याच्या वाटेचा फोटो काढावा, शिवाय कागदावर चित्रही काढावं. काही गाड्यांत बॉनेटखाली तसं स्टिकर असतं. पट्टा निघाला की कोणता वळसा आतून होता आणि कोणता बाहेरून, हे आठवणीने सांगता येत नाही. गोंधळ झालाच तर एक नियम कामी येतो: खाचा असलेली पुली पट्ट्याच्या पोटाला लागते आणि गुळगुळीत पुली बहुधा पाठीला.

टेन्शनरवर पाना बसायला षटकोनी डोकं किंवा चौकोनी भोक असतं. लांब दांड्याचा पाना घ्यावा. स्प्रिंग जोरकस असते आणि आखूड पाना निसटला तर बोटं रेडिएटरवर आपटतात. कोणत्या दिशेने ओढायचं, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. हात मागे आला की एखाद्या गुळगुळीत पुलीवरून पट्टा सरकवून काढावा. मग प्रत्येक पुली हाताने फिरवावी. खरखर लागली किंवा पुली डुगडुगली, तर तिचं बेअरिंग गेलं आहे. अल्टरनेटरची पुली एकाच दिशेने मोकळी फिरणाऱ्या जातीची असेल, तर ती जाम झाली आहे का तेही पाहावं. जाम झालेली पुली नवा टेन्शनरही लवकर खाते.

टेन्शनर सहसा एक ते तीन बोल्टांवर असतो. मागची खुंटी इंजिनावरच्या भोकात नीट बसली की मगच बोल्ट आवळावेत, आणि तेही मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने. अॅल्युमिनिअममधले आटे जोराने आवळले तर जातात.

नवा पट्टा घेताना जुन्यावरचा क्रमांक वाचावा. ‘६पीके१७५०’ म्हणजे सहा कंगोरे, पीके आकार आणि १७५० मिलिमीटर लांबी. पीके आकारात दोन कंगोऱ्यांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर असतं, म्हणून सहा कंगोऱ्यांचा पट्टा साधारण २१ मिलिमीटर रुंद भरतो. ‘थोडा मोठा आहे, चालेल’ असं दुकानदार म्हणाला तर तो घेऊ नये. जास्तीची लांबी टेन्शनरला भरून काढावी लागते आणि पुढच्या झिजेसाठी त्याच्या हातात जागा उरत नाही.

पट्टा चढवताना क्रँकच्या पुलीपासून सुरुवात करावी आणि शेवट गुळगुळीत पुलीवर करावा. मग प्रत्येक पुलीवर बोट फिरवून सगळे कंगोरे खाचेत आहेत याची खात्री करावी. एक कंगोरा बाहेर राहणं ही सगळ्यात सामान्य चूक. तेवढ्यानेही पट्टा काही मिनिटांत फाटतो. क्रँक पान्याने तिच्या नेहमीच्या दिशेत दोन फेरे फिरवून पुन्हा पाहावं, मगच चावी फिरवावी.

कुठे थांबायचं

सगळ्याच गाड्यांत स्प्रिंगचा टेन्शनर नसतो. कित्येक लहान गाड्यांत आजही स्क्रूने ताण द्यावा लागतो, तर काहींत मुळातच लवचीक पट्टा असतो, जो चढवायला वेगळं हत्यार लागतं. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत तर याच पट्ट्यावरचं जनरेटर-मोटर सिग्नलवर बंद पडलेलं इंजिन पुन्हा चालू करतं आणि वेग घेताना त्याला हातभारही लावतं. तिथे पट्टा शक्ती घेतो आणि देतोही. ताणाची बाजू दर वेळी पालटते, म्हणून हे काम अशा गाड्यांची माहिती असलेल्या माणसाकडेच द्यावं. बंद आवरणाखालचा टायमिंग बेल्ट हे तर वेगळंच प्रकरण. तो काही दात सरकला किंवा तुटला, तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

पाना हाती घ्यायचाच नसेल, तरी बिलाकडे नीट पाहता येतं. त्यात फक्त बेल्ट आणि मजुरी लिहिलेली असेल, तर दोन गोष्टी विचाराव्यात: टेन्शनरची पुली फिरवून पाहिली का, आणि जुना पट्टा कुठे आहे? चांगला मेकॅनिक पहिल्याचं उत्तर लगेच देतो आणि दुसरा आणून दाखवतो. उत्तराऐवजी ‘काही होत नाही, साहेब’ ऐकू आलं, तर पुढचा पट्टा दुसऱ्या गॅरेजमध्ये बदलावा.