पश्चात्तापाच्या जागी आत्मविश्वास

श्रद्धा आणि मन : लेखांक ६

ख्रिस्ती तरुणांच्या शिबिरात कधी ना कधी एक झेरॉक्स कागद हातात पडतो. त्यावर चार रकाने असतात. पहिल्यात ‘बोलका, हसरा, विसरभोळा’, दुसऱ्यात ‘हुकमी, कामसू, तापट’, तिसऱ्यात ‘विचारी, हळवा, कुढणारा’, चौथ्यात ‘शांत, सुस्त, भरवशाचा’. लागू असेल तिथं खूण करायची आणि खाली बेरीज मांडायची. मग वक्ते सांगतात, तुम्ही सँग्विन आहात की कोलेरिक, मेलँकोलिक की फ्लेग्मॅटिक, आणि देवानं तुम्हाला कोणत्या सेवेसाठी घडवलंय. पोरं खूश असतात. आपल्याविषयी चार गोष्टी कुणी सांगितल्या की कोण खूश होत नाही?

या कागदाचं मूळ अमेरिकेत आहे. टिम लाहे या बाप्टिस्ट पाळकाचं स्वभावप्रकारांवरचं पुस्तक १९६६ साली निघालं आणि तुफान खपलं. त्यानं ही मांडणी हालेस्बी या नॉर्वेच्या धर्मपंडिताकडून उचलली होती. हालेस्बीच्याही मागं जात राहिलं की आपण थेट ग्रीक वैद्य गॅलनच्या दारात पोचतो. रक्त, पिवळं पित्त, काळं पित्त आणि कफ हे शरीरातले चार रस, आणि त्यांवरून माणसाचे चार स्वभाव. म्हणजे आपल्या वात-पित्त-कफाचे हे चुलतभाऊच. ज्या सभेत आयुर्वेदातल्या ‘प्रकृती’चं नाव काढलं तर भुवया उंचावतील, तिथंच तिचा ग्रीक अवतार बायबलच्या वचनांसह बिनबोभाट खपतो. कारण तो ‘सायकॉलॉजी’ म्हणून आलेला असतो. खरं तर आजच्या मानसशास्त्रानं ही चौकट केव्हाच मागं टाकली आहे.

आजचा लेख या उसनवारीबद्दल आहे.

धर्म हा भ्रम आहे, असं फ्रॉइडनं १९२७ साली कसं मांडलं ते गेल्या लेखांकात पाहिलं. तेव्हा मानसशास्त्र आणि धर्म हाडवैरी असणार, असं वाटणं साहजिक आहे. त्यातही इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल, क्रूस आणि ज्याचं त्याचं हृदयपरिवर्तन यांवर भर देणारे प्रॉटेस्टंट, यांनी तर हे शास्त्र उंबऱ्याबाहेरच ठेवायला हवं होतं. घडलं उलटं.

हा प्रवाह आपल्या जिल्ह्याला परका नाही. अमेरिकेतल्या फ्री मेथडिस्ट पंथाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यवतमाळ भागात आहेत. उमरीचं मिशन हॉस्पिटल त्यांचंच. आपल्या घाटंजीहून एसटीनं तासाभरात ज्या यवतमाळला पोचता येतं, तिथं १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि देशभरातले इव्हँजेलिकल पाळक तीस वर्षं या कापसाच्या गावात शिकून गेले. १९८३ मध्ये ती पुण्याला, बिबवेवाडीला हलली. आज भारतातल्या बहुतेक मोठ्या धर्मशिक्षण संस्थांत समुपदेशन हा विषय असतो. तो असायलाही हवा. पण त्या विषयाबरोबर काय काय आत आलं, हे पाहायला थोडं अमेरिकेत जावं लागेल.

नॉर्मन व्हिन्सेंट पील हा न्यूयॉर्कचा पाळक. एका मनोविकारतज्ज्ञाच्या जोडीनं त्यानं चर्चमध्ये सल्लाकेंद्र चालवलं आणि १९५२ साली सकारात्मक विचारांच्या शक्तीवर पुस्तक लिहिलं. कट्टर इव्हँजेलिकलांनी तेव्हा नाकं मुरडली. पण १९६५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फुलर सेमिनरीत मानसशास्त्राचं स्वतंत्र विद्यालय निघालं. १९७० मध्ये जेम्स डॉब्सन या बालमानसशास्त्रज्ञाचं मुलांना शिस्त लावण्यावरचं पुस्तक आलं, आणि १९७७ मध्ये त्यानं ‘फोकस ऑन द फॅमिली’ ही संस्था काढून रेडिओवरून घराघरांत सल्ला द्यायला सुरुवात केली. डॉब्सन पाळक नव्हता. पोरगं ऐकत नाही, नवरा बोलत नाही, अशा प्रश्नांवर धार्मिक कुटुंबं आता पाळकाऐवजी मानसशास्त्रज्ञाचा शब्द प्रमाण मानू लागली. अधिकार कुठून कुठं सरकला ते यात दिसतं.

कडेलोट केला रॉबर्ट शुलर या पाळकानं. १९८२ च्या त्याच्या पुस्तकानं आत्मसन्मान हीच नवी धर्मसुधारणा असल्याचं जाहीर केलं. माणसाचा आत्मसन्मान हिरावणारी गोष्ट म्हणजे पाप, अशी त्याची व्याख्या. काचेचं भव्य क्रिस्टल कॅथीड्रल त्याचंच. २०१० मध्ये त्या संस्थेचं दिवाळं निघालं आणि पुढं ती इमारत कॅथलिक धर्मप्रांतानं विकत घेतली. तिथल्या काचा आता कॅथलिक पुसतात, पण शुलरचा विचार मात्र सगळीकडं पोचला. आज मराठीतली प्रवचनं यूट्यूबवर ऐका. ‘देवाच्या नजरेत तू मौल्यवान आहेस’, ‘नकारात्मक माणसं दूर ठेव’, ‘तुझं स्वप्न देवाचं स्वप्न आहे’. यातलं पहिलं वाक्य जुनंच आहे आणि खरंही. पुढची दोन कुठल्या शुभवर्तमानातली, ते वक्त्यालाच विचारावं. जकातदार आणि वेश्यांच्या पंगतीला बसणाऱ्या येशूनं ‘नकारात्मक माणसं’ टाळली असती, तर त्याच्याजवळ शिष्य तरी किती उरले असते?

आता हे इतक्या सहज का पचलं? माझं मत असं की दार आतूनच उघडं होतं. इव्हँजेलिकल श्रद्धा पहिल्यापासून आतल्या अनुभवावर उभी आहे. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका छोट्या सभेत मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली याला आपलं अंतःकरण ऊबदार झाल्याचं जाणवलं, आणि मेथडिस्ट मंडळी तो क्षण आजही जपतात. ‘तुला काय वाटलं?’ हा प्रश्न साक्ष देणाऱ्यालाही विचारतात आणि समुपदेशकाच्या खोलीतही. प्रश्न सारखा असला की उत्तरंही हळूहळू सारखी होतात. ‘मी पापी होतो, देवानं क्षमा केली’ ही साक्ष ‘मी खचलो होतो, आता मला बरं वाटतं’ इथं येऊन थांबते. पहिल्या साक्षीत दुसरा माणूस असतो, ज्याचं आपण वाईट केलं तो. दुसऱ्या साक्षीत मीच असतो.

पण वेस्लीची गोष्ट तेवढ्यावर संपत नाही, आणि यवतमाळच्या फ्री मेथडिस्टांनी विसरू नये असा भाग पुढंच आहे. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये त्याच्या अनुयायांच्या डोक्यावर सभागृहाचं कर्ज होतं. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदानं सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना पेनीही जड जाते, असं कुणीतरी म्हणालं. तर फॉयचं उत्तर असं की सगळ्यात गरीब अकरा माणसं माझ्याकडं द्या, ज्यांना जमणार नाही त्यांची पेनी मी भरेन. मग बारा-बारा जणांचे गट पडले, प्रत्येकाला एक प्रमुख. पेनी गोळा करायला प्रमुख घरोघर जाऊ लागला, तेव्हा त्याला कळू लागलं की कुणाच्या घरात दारू आहे, कुणाची चूल दोन दिवस पेटली नाही, कोण बायकोला मारतो. पुढं हे गट आठवड्याला एकत्र बसू लागले. ‘क्लास मीटिंग’ ती हीच. आपल्याकडच्या महिला बचत गटाची बैठक ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको. वही, वीस-वीस रुपये, आणि हिशेब झाल्यावर सुरू होणारं खरं बोलणं. ब्रिस्टलच्या त्या बैठकीत एकेकाला विचारायचे, या आठवड्यात तुझ्या जिवाचं कसं चाललंय? उत्तर लपवून भागत नसे, कारण विचारणारा परवाच घरी येऊन गेलेला असे.

मनाची निगा राखायची ही व्यवस्था कर्जातून जन्मली. तिच्यात फी नव्हती, तज्ज्ञ नव्हता आणि गुपित राखणारी बंद खोलीही नव्हती. हा शेवटचा मुद्दा तिच्या विरोधातही जातो. बारा जणांत सगळंच बोलता येत नाही, बाईमाणसाला तर मुळीच नाही. तरी कर्ज, दारू, मारहाण आणि निराशा या गोष्टी तिथं एकाच बैठकीत निघत. फ्री मेथडिस्ट पंथ अमेरिकेत १८६० साली वेगळा झाला, त्यामागं गुलामगिरीला विरोध होता आणि चर्चमधली बाकं श्रीमंतांना भाड्यानं देण्यालाही. नावातलं ‘फ्री’ त्या बाकांचंसुद्धा आहे. त्याच इव्हँजेलिकल जगात आज मोठ्या शहरांतून ‘ख्रिश्चन काउन्सेलिंग’ तासाच्या दरानं मिळतं, याची गंमत वाटते. सगळंच फुकट असावं, असं मी म्हणत नाही. डॉक्टरलाही पोट आहे.

या सगळ्याविरुद्ध इव्हँजेलिकलांच्याच घरातून बंड झालं. १९७० मध्ये जे ॲडम्स या अमेरिकन पाळकानं लिहिलं की मानसिक म्हणवल्या जाणाऱ्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी पाप असतं, बायबल पुरेसं आहे आणि समज देऊन माणूस सुधारतो. पुढं बॉबगन दांपत्यानं तर सगळ्या मानसोपचाराला पाखंड ठरवलं. त्यांची टीका अर्धी खरी आहे. क्षमेची जागा आत्मविश्वासानं घेतली, हे त्यांनी अचूक पकडलं. पण ॲडम्स ज्याच्याकडून हे शिकला तो होबार्ट मावरर, अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचा माजी अध्यक्ष. पाप लपवल्यानं मन आजारी पडतं, हे मावररचं म्हणणं. म्हणजे मानसशास्त्राविरुद्धचं हत्यारसुद्धा मानसशास्त्राच्याच कारखान्यातून आलं. आणि हा मावरर स्वतः आयुष्यभर नैराश्यानं ग्रासलेला होता.

ॲडम्सच्या वाटेनं गेलं की पुढं खड्डा आहे, आणि तो आपल्याकडं अधिक खोल आहे. भ्रम होणाऱ्या, आवाज ऐकू येणाऱ्या पोराला उपासप्रार्थनेत महिनोन्‌महिने ठेवतात आणि गोळ्या बंद करायला सांगतात. रोग बळावतो, आणि ‘तुझा विश्वास कमी पडला’ हे ओझं आईबापांच्या डोक्यावर येतं. इथं बाप्टिस्ट आणि बुवा यांत मला फरक दिसत नाही.

बायबलला पुरेसं म्हणणाऱ्यांनी त्यातला एलीया पुन्हा वाचावा. राणीच्या धाकानं पळालेला हा संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाकडं मरण मागतो. देवदूत येतो. तो प्रवचन देत नाही, पापाची झाडाझडतीही घेत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवून म्हणतो, ऊठ, खा. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा जेवू घालतो, कारण पुढची वाट लांबची आहे. काम, पाप, बोलणं हे सगळं त्यानंतर, डोंगरावर पोचल्यावर. हा क्रम कुठल्याही चांगल्या डॉक्टरला पटेल.

आता घाटंजीकडं येऊ. इथं खचलेला माणूस बहुतेकदा कास्तकार असतो. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली, त्याच हंगामात बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली. बियाणं उधारीवर, कर्ज बँकेचं आणि सावकाराचं, भाव दुसऱ्याच्या हातात. अशा माणसाला ‘तुझा आत्मसन्मान वाढव’ सांगणं म्हणजे त्याच्या सातबाऱ्यावरचा बोजा त्याच्या मनात ढकलणं आहे. आणि ‘हे तुझ्या पापाचं फळ’ सांगणं तर त्याहून वाईट. पाप आहेच तिथं; पण ते व्याजाच्या दरात आहे आणि बोगस बियाण्याच्या पाकिटात आहे. आमोस आणि यशया यांनी याच पापाबद्दल आरडाओरड केली होती. सकारात्मक विचारांच्या प्रवचनात आमोसला जागा नसते, आणि माझी या प्रवचनांबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे.

मानसशास्त्राचा जो भाग खरोखर घेण्यासारखा होता तो मात्र शेजारच्या जिल्ह्यात येऊनही चर्चच्या ध्यानात आला नाही. ‘विश्राम’ या प्रकल्पानं अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावातल्याच साध्या माणसांना नैराश्य ओळखायला आणि पहिला आधार द्यायला शिकवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. राज्य सरकारनं २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातही घरोघर जाणारी आशाताईच होती. दार वाजवणारं ओळखीचं माणूस, आठवड्याला विचारपूस, गरज पडली तर डॉक्टरकडं पाठवणं. कॅप्टन फॉय याहून वेगळं काय करत होता?

म्हणून या भागातल्या पाळकांना दोन विनंत्या. आठवड्याची ती बैठक पुन्हा सुरू करा, बारा जणांची, आणि तिच्यात कर्जाचा विषय निघाला तर ‘हे आध्यात्मिक नाही’ म्हणून गप्प करू नका. दुसरी विनंती सोपी आहे. चर्चच्या फळ्यावर रविवारच्या गीतांच्या क्रमांकांखाली आणखी एक क्रमांक लिहा : १४४१६. हा ‘टेलि-मानस’चा सरकारी दूरध्वनी. दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. जीव नकोसा झालेल्या माणसाला आज रात्री तो लागेल. त्याच्या पापपुण्याचं बोलणं सकाळी करता येईल.

पुढच्या आठवड्यात : रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात मांडलेला ‘देवाचा दरबार’.